पितळेची पुंगळी, पोलादाची पुंगळी

राजगडाच्या पद्मावती माचीवर दारूकोठाराचे अवशेष आहेत. वेल्ह्याच्या पावसात दारू कोरडी राखणे सोपे नव्हते, आणि तोड्याच्या बंदुकीला काडतूस नव्हते. दारू वेगळी, शिशाची गोळी वेगळी. दोन्ही तोंडातून ठासायच्या. रंजकाचे बारीक भोक सोडले तर नळी मागून बंदच असे, त्यामुळे पेटलेल्या दारूचा वायू गोळीला पुढेच रेटी. पुढे मागून भरायच्या बंदुका आल्या आणि मागचे तोंड बारापुरते घट्ट कसे बंद करायचे, हा प्रश्न उभा राहिला. काडतुसाच्या धातूच्या पुंगळीने तो सोडवला. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये सुरू झाला, तो याच स्थित्यंतराच्या काळात. आजही तिथल्या पुंगळीच्या बुडावर ‘केएफ’ ही रोमन अक्षरे ठोकलेली दिसतात, मधोमध ठोक्याने पेटणाऱ्या प्रायमरची टिकली आणि तिच्यावर ठोका देणाऱ्या स्ट्रायकरने पाडलेला खळगा.

पुंगळीचे पितळ म्हणजे सुमारे सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्त. चकतीची वाटी, वाटीची नळी असे ते टप्प्याटप्प्याने ओढतात. ओढले की पितळ कडक होते, म्हणून मधूनमधून तापवून मऊ करावे लागते. पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिराला हे वेगळे शिकवावे लागणार नाही. बार उडाला की पुंगळी क्षणभर फुगते, काडतूस बसते त्या चेंबरच्या भिंतीला चिकटते, वायू अडवते आणि लगेच आक्रसून सुटी होते. फुगणे आणि आक्रसणे ही दोन्ही कामे पितळ उत्तम करते. महाग आहे, एवढाच त्याचा दोष.

पोलादाकडे जग वळले ते मुख्यतः टंचाईमुळे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीला तांबे पुरेना, तेव्हा लाखेचा थर दिलेल्या पोलादी पुंगळ्या निघाल्या. अमेरिकेत इव्हान्सव्हिलच्या क्रायस्लर कारखान्याने पॉइंट फोर-फाइव्ह पिस्तुलाची पोलादी काडतुसे प्रचंड संख्येने काढली. रशियाने युद्ध संपल्यावरही पोलाद सोडले नाही. तूला आणि बर्नाऊलच्या कारखान्यांतला हा स्वस्त माल नंतर अमेरिकेतल्या हौशी नेमबाजांच्या हाती गेला आणि सरावासाठी लोकप्रिय झाला. २०२१ मध्ये अमेरिकेने रशियन दारूगोळ्याच्या नव्या आयात परवान्यांवर निर्बंध घातले, तेव्हा या स्वस्ताईला मोठा धक्का बसला.

स्वस्त काडतूस पिस्तूल बिघडवते का, याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. पोलाद पितळेइतके लवचीक नाही. भिंतीला नीट चिकटत नसल्याने थोडा वायू मागे झिरपतो आणि चेंबरमध्ये काजळी धरते. पुंगळी अडकली की लाख वितळली असे म्हणायची पद्धत आहे. खरा दोष बहुधा या काजळीचा असतो. म्हणूनच पोलादी काडतुसांनंतर पितळी भरायची तर आधी चेंबर साफ करावे. पुंगळी खेचून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरलाही पोलादाचा ताण जास्त. नळीची झीज मात्र पुंगळीमुळे होत नाही. अशा स्वस्त गोळ्यांच्या तांब्याच्या मुलाम्याखाली पुष्कळदा सौम्य पोलादाचे आवरण असते, ते नळी घासते. रायफलीत गोळीचा वेग मोठा, म्हणून ही झीज लवकर दिसते. पिस्तुलात वेग कमी, त्यामुळे ती सावकाश होते. अशी गोळी चुंबकाला चिकटते, आणि पोलादी लक्ष्यावर ठिणगी उडेल या भीतीने अनेक रेंजवर ती चालत नाही. शिवाय पितळी पुंगळी पुन्हा भरता येते. पोलादी बहुतेक एकदा वापरून टाकून द्यायची.

आता आपल्याकडे पाहू. जगात ज्या ९ मिमी पिस्तुलासाठी पोलादी काडतुसे मोठ्या प्रमाणावर खपतात, ते आपल्या कायद्यात प्रतिबंधित बोअरचे (नळीच्या व्यासाचे) आहे. सामान्य परवानाधारकाला ते मिळत नाही. खेळाचे पिस्तूल असते पॉइंट टू-टूचे, म्हणजे ५.६ मिमीचे. त्याच्या काडतुसात प्रायमरची वेगळी टिकली नसते, पेटणारे द्रव्य बुडाच्या काठात भरलेले असते. स्ट्रायकरने तो काठ चेपायचा असतो, म्हणून धातू मऊच हवा. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१३ मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात आणि २०१८ मध्ये आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले ते याच बोअरच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे पॅरिस ऑलिंपिकमधून २०२४ चे कांस्य घेऊन आले. त्यांची रायफलही ५.६ मिमीचीच आणि सराव आपल्या बालेवाडीतला. या पातळीवर परदेशी काडतुसे लागतात, तीही आपल्या नळीला मानवणाऱ्या लॉटची. शेतकऱ्याच्या किंवा शिक्षकाच्या घरातून आलेल्या मुलाला हा खर्च जड जातो, हे मला या खेळातले सर्वांत मोठे दुखणे वाटते.

भोर-वेल्ह्याच्या मुलामुलींसाठी मला मार्ग दिसतो तो दारू नसलेल्या पिस्तुलाचा. १० मीटर एअर पिस्तूल हा ऑलिंपिकचा प्रकार आहे. त्यात ४.५ मिमीचा शिशाचा छर्रा लागतो, पुंगळी नाहीच. त्याचा जोर २० ज्यूलच्या कायदेशीर मर्यादेच्या बराच खाली असल्याने शस्त्र परवान्याची गरज नाही. आडोसा, उजेड आणि दहा मीटरच्या मोजमापाला थोडी जास्त लांब खोली, एवढ्यात काम भागते. लक्ष्याचा दहा गुणांचा गोल जेमतेम ११.५ मिमीचा असतो. तो गाठायला हाताची स्थिरता, श्वास आणि चापावरचे बोट हवे. यातला बराचसा सराव रिकाम्या पिस्तुलाने, समोर कोरी भिंत ठेवून होतो, आणि त्याला छदामही लागत नाही.

दोन गोष्टींत मात्र काटकसर नको. छर्रे अडवणारी मागची पेटी भक्कम हवी आणि उडालेले शिसे तिच्यातच जमा व्हायला हवे. दुसरे म्हणजे खोलीबाहेर नळ आणि साबण हवा, कारण छर्रे हाताळलेल्या बोटांनी मुलांनी डबा खाऊ नये. भोर शहरातल्या आणि वेल्ह्यातल्या एकेका शाळेच्या सभागृहात हे या शैक्षणिक वर्षातही उभे करता येईल. पिस्तुले सुरुवातीला चार असली तरी पाळ्या लावून चाळीस मुले शिकतील.