वादळात सापडलेली लहान होडी : बचावाची तत्त्वे आणि ‘फयान’चा बोध

प्रस्तावना :
धर्माबादसारख्या समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या भागात चक्रीवादळाची ओळख बहुधा बातमीपुरती असते. कोकणातील मच्छीमारांसाठी मात्र तो जीवनमरणाचा प्रश्न असतो. अरबी समुद्रातील ‘फयान’ चक्रीवादळ ११ नोव्हेंबर २००९ रोजी अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. त्या वेळी समुद्रात असलेले काही मच्छीमार परतलेच नाहीत. अशा वादळात लहान उघडी होडी कशी तगू शकते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बचावाची तत्त्वे :
उघड्या होडीत शिरलेले पाणी आपोआप बाहेर जात नाही. ते एका बाजूला साचले की होडीचा तोल जातो. होडीची रुंदी लांबीपेक्षा कमी असल्याने बाजूने आदळणारी लाट सर्वांत घातक ठरते. म्हणून नाळ लाटेला सामोरी ठेवणे हे पहिले तत्त्व होय. इंजिन बंद पडल्यास नाळेला लांब दोर बांधून बादली किंवा जाळे पाण्यात सोडता येते. त्याच्या ओढीमुळे होडी आडवी होत नाही. पाणी अखंड उपसणे, वजन तळाशी ठेवणे आणि अनावश्यक सामान टाकून देणे ही पुढील तत्त्वे होत. इ. स. १७८९ मध्ये कॅप्टन ब्लाय यांनी सुमारे ७ मीटर लांबीच्या उघड्या होडीतून तोफुआ ते तिमोर हा सुमारे ६७०० कि.मी.चा प्रवास केला. वादळी समुद्रात त्यांनीही जादा कपडे, दोर व शिडे फेकून होडी हलकी केली होती.

किनाऱ्याचा धोका :
संकटात किनारा गाठावा, अशी स्वाभाविक ओढ असते. परंतु उथळ पाण्यात लाटा उंचावतात आणि फुटतात. खाडीच्या मुखाशी साचलेल्या वाळूवर हा धोका अधिक वाढतो. त्यामुळे सुरक्षित बंदर वेळेत गाठता येत नसेल, तर खोल पाण्यात तग धरणे अनेकदा हिताचे ठरते.

पूर्वसूचनेचे महत्त्व :
९ नोव्हेंबरला कमी दाबाच्या तीव्र पट्ट्याच्या स्वरूपात असलेले ‘फयान’ दोनच दिवसांत चक्रीवादळ होऊन किनाऱ्यावर पोहोचले. किनाऱ्यापासून दूर भ्रमणध्वनीचा संपर्क तुटतो. म्हणूनच इशारा केवळ प्रसृत होऊन भागत नाही. तो होडीपर्यंत पोहोचावा लागतो. त्यासाठी बिनतारी संच व उपग्रहाधारित संदेशयंत्रणा आवश्यक ठरते.

समारोप :
तांडेलाचे कौशल्य होडीला काही तास तारू शकते. वेळेवर मिळालेला इशारा तिला त्या संकटातच पडू देत नाही. म्हणून पारंपरिक सागरी ज्ञान आणि आधुनिक हवामानशास्त्र यांचा समन्वय हीच मच्छीमाराच्या सुरक्षिततेची खरी हमी होय.