नाग्याचा ढोल कुणाचा?

‘जैत रे जैत’चं संगीत म्हणजे ठाकर आदिवासींचं लोकसंगीत, असं आपण सहज बोलून जातो. नाशिक जिल्ह्यात इगतपुरी, त्र्यंबकच्या डोंगरांत ठाकरवाड्या आहेत; पण ठाकरांच्या गाण्याचा विषय निघाला की नाशिक शहरातल्या माणसालाही आधी आठवतो तो 1977 सालचा हा चित्रपटच. हे संगीत ठाकरांचं, हे म्हणणं अर्धं खरं आहे आणि अर्धं चूक. जे चूक आहे, त्यातच या संगीताचं मोठेपण आहे असं मला वाटतं. गो. नी. दांडेकरांची मूळ कादंबरी कर्नाळ्याच्या परिसरातल्या, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या ठाकरांची. गाणी मात्र लिहिली ना. धों. महानोरांनी. महानोर पळसखेडचे, अजिंठ्याच्या डोंगराकडचे शेतकरी. त्यांच्या ‘रानातल्या कविता’ची माती मराठवाडा-खानदेशच्या सीमेवरची. चाली हृदयनाथ मंगेशकरांच्या. गळे लता मंगेशकर आणि आशा भोसले यांचे, त्यांच्या जोडीला रवींद्र साठे आणि चंद्रकांत काळे. हे दोघे ‘घाशीराम कोतवाल’मधून आलेले, आणि ‘घाशीराम’चे दिग्दर्शकही या चित्रपटाचे दिग्दर्शक जब्बार पटेलच. म्हणजे डोंगर एकीकडचा, बोली दुसरीकडची, कोरस पुण्याच्या रंगमंचावर घडलेला. यातलं थेट ठाकरवाडीतून आलेलं किती, असा हिशेब मांडला तर हाती फार थोडं लागेल.

तरीही हे संगीत खोटं वाटत नाही, आणि त्याचं कारण त्याला दिलेल्या कामात आहे. चित्रपटातला नाग्या हा भगताचा पोर, ढोलिया. त्याला पुण्यवंत व्हायचंय. राणीमाशी डोळ्याला डसते, डोळा जातो, आणि लिंगोबाच्या डोंगरावरची ती पोळी उतरवायचा तो पण करतो. ही गोष्ट संवादांतून सांगायची तर दहा मिनिटांत संपेल. चित्रपटात ती कोरस सांगतो: तो कधी वाडी होतो, कधी नाग्याचं मन, कधी नुसता डोंगर. गाणं थांबून गोष्ट पुढे जाते असं इथे क्वचितच घडतं. बहुतेक वेळा गाण्यातूनच ती पुढे सरकते. मोहन आगाशे आणि स्मिता पाटील यांच्या चेहऱ्यांइतकाच ढोल या चित्रपटाचा नायक आहे. खऱ्या लोकगीताचं काम वेगळं असतं. ते लावणीच्या चिखलात हात चालते ठेवतं, लग्नात हळद लावतं, रात्र जागवतं. तिथे एकच ओळ चाळीसदा येते आणि यायलाच हवी, कारण काम अजून संपलेलं नसतं. तीच ओळ पडद्यावर चाळीसदा आली तर प्रेक्षक चहाला उठेल. म्हणून जो संगीतकार लोकगीत जसंच्या तसं उचलून चित्रपटात ठेवतो तो प्रामाणिक आणि जो नव्याने बांधतो तो लबाड, ही विभागणी मला मान्य नाही.

यावर एक जोरकस उत्तर अमेरिकेतून येईल. कोएन बंधूंच्या ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ (2000) या चित्रपटात टी-बोन बर्नेट यांनी दक्षिणेकडची जुनी गाणी जवळजवळ मूळ रूपातच घेतली. संगीत चित्रीकरणाआधीच ध्वनिमुद्रित झालं. डोंगराळ व्हर्जिनियाचे राल्फ स्टॅनली सत्तरी ओलांडल्यावर वाद्याविना गायले. 2002 साली त्या संग्रहाला वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून ग्रॅमी मिळालं. मग आपल्याकडे हे का होऊ नये? प्रश्न रास्त आहे. मात्र तिथेही नायकाच्या तोंडचं गाणं प्रत्यक्षात डॅन टिमिन्स्की या व्यावसायिक गायकाचं आहे, आणि बहुतेक गाणी आजच्या वादकांनी नव्याने वाजवलेली. तेव्हा शुद्धतेत ते आपल्यापेक्षा फार पुढे आहेत असं नाही. ते पुढे आहेत ते वहीत नाव लिहिण्याच्या बाबतीत. त्या चित्रपटाच्या सुरुवातीला कैद्यांचं एक श्रमगीत ऐकू येतं. अ‍ॅलन लोमॅक्स यांनी ते 1959 साली मिसिसिपीच्या तुरुंगात ध्वनिमुद्रित केलं होतं. गाणाऱ्याचं नाव जेम्स कार्टर, हे तेव्हाच लिहून ठेवलेलं होतं. त्या एका नावावरून चाळीसेक वर्षांनी म्हातारे कार्टर शोधून काढले गेले आणि त्यांच्या हाती सुमारे वीस हजार डॉलरचा धनादेश पडला. आपण गायलो होतो हेसुद्धा ते विसरले होते.

लोकगीत सगळ्यांचं असतं, त्याला कसला आलाय धनी, असा आक्षेप इथे हमखास येतो. तो ऐकायला उदार आहे, पण बऱ्याचदा त्याचा अर्थ एवढाच असतो की आपण विचारलं नाही. ‘ओ ब्रदर’मधलं सर्वांत गाजलेलं गाणं अनेकांना निनावी वाटे, त्याची छापील वाट केंटकीतल्या डिक बर्नेट या अंध वादकाच्या 1913च्या सुमाराच्या पुस्तिकेपर्यंत जाते. आपल्या जिल्ह्यात सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक आहेत. त्यांची गाणी वस्त्यावस्त्यांत लोकगीतांसारखी गायली गेली. शाहीर परिचित आणि आंबेडकरी चळवळ जागी होती म्हणून त्यांचं नाव गाण्यामागे उरलं. हरसूल, पेठ, सुरगाण्याकडच्या गाणाऱ्या बायांना आणि पावरी वाजवणाऱ्यांना अशी चळवळ लाभलेली नाही.

म्हणून ‘जैत रे जैत’वर एकच दोष लावता येईल, आणि तो चित्रपटाचा नसून आपला आहे. आपण एका उत्तम रचनेला दप्तर समजून बसलो. महानोर-मंगेशकरांनी ठाकरांची गाणी जतन करण्याचं काम अंगावर घेतलंच नव्हतं. त्यांनी एक कलाकृती केली, आणि ती मराठी चित्रपटसंगीतात आजही अव्वल आहे. पडद्यावर ठाकर गाताना दिसले आणि काम झालं असं आपल्यालाच वाटलं. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या फाळक्यांचा चित्रपट मुका होता, त्याला गाणं नोंदवता येत नव्हतं. आज ती सबब कुणालाच नाही. बोहाड्याच्या, म्हणजे सोंगांच्या उत्सवाच्या, रात्री टेंभ्यांच्या उजेडात संबळाच्या तालावर सोंग नाचत येतं तेव्हा शे-दोनशे मोबाइल वर होतात, आणि दुसऱ्या दिवशी ती चित्रफीत ‘आदिवासी नृत्य’ एवढ्याच नावाने फिरते. या वर्षी बोहाड्याला जाणार असाल तर संबळ वाजवणाऱ्याला त्याचं नाव आणि गाव विचारा, त्याची हरकत नसेल तर ते चित्रफितीखाली लिहा, आणि मगच पुढे पाठवा.