पडता पडता कर्नल काय सांगतो?

लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्याला, ठेच लागली, की स्क्रीनवर पुष्कळदा एक तुटक रेघ उमटते आणि तिच्या मधोमध शब्द असतात ‘कट हिअर’. वर्तमानपत्रातल्या कुपनाभोवती असते तशीच ही रेघ. खाली रजिस्टरांतले आकडे, मग ‘कॉल ट्रेस’, आणि शेवटी ‘एंड ट्रेस’. इथून इथपर्यंत कापा आणि दुरुस्ती करणाऱ्याकडे पाठवा! यातल्या गंभीर प्रकाराचं अधिकृत नाव आहे ‘ऊप्स’. प्रत्येक ऊप्स म्हणजे मरण नव्हे. बऱ्याचदा त्या क्षणी चालू असलेल्या प्रोसेसचा बळी देऊन कर्नल पुढे चालत राहतो. अगदीच हाताबाहेर गेलं तर मात्र ‘पॅनिक’, म्हणजे सगळंच ठप्प.

यातला ‘कॉल ट्रेस’ निघतो तो स्टॅकवरून. स्टॅक म्हणजे चळत. एका फंक्शनने दुसऱ्याला हाक मारली, की परत कुठे यायचं तो पत्ता चळतीवर ठेवला जातो. दुसऱ्याने तिसऱ्याला बोलावलं, की आणखी एक. ट्रेस काढायचा म्हणजे ही चळत उलगडत ‘तुला कोणी बोलावलं?’ असं विचारत मागे मागे जायचं. म्हणून वरची ओळ अपघाताजवळची आणि खालची प्रवासाच्या सुरुवातीची.

प्रत्येक ओळीत फंक्शनच्या नावापुढे दोन आकडे असतात, हेक्साडेसिमलमध्ये. त्यांचा अर्थ, उदाहरणार्थ, असा: ८०० बाइटांच्या या फंक्शनात ९१ बाइट आत. थेट पत्ता का नाही? कारण २०१४ पासून लिनक्समध्ये अशी सोय आहे, की हल्लेखोराला अंदाज येऊ नये म्हणून कर्नल प्रत्येक वेळी मेमरीत वेगळ्या जागी उतरतो. आजचा पत्ता उद्या खोटा ठरतो. नाव आणि अंतर मात्र टिकतं.

या सगळ्यात मला सर्वांत आवडतं ते प्रश्नचिन्ह. काही ओळींच्या आधी ते दिसतं. चळत चाळताना कर्नलला कधी कधी असा आकडा सापडतो, की तो कोडचा पत्ता वाटतो खरा, पण तो आत्ताच्या साखळीतला आहे याची खात्री देता येत नाही. आधीच्या, केव्हाच संपलेल्या कामाचा तो उरलेला ठसाही असू शकतो. कर्नल तो लपवत नाही आणि खराही मानत नाही. प्रश्नचिन्ह लावून समोर ठेवतो. पाहिलेलं वेगळं, ऐकलेलं वेगळं! नवखे लोक या ओळी वगळून पुढे जातात, पण साखळीच तुटलेली असते तेव्हा खरा धागा कधी कधी तिथेच सापडतो.

हा साक्षीदार, म्हणजे कर्नल, कसा आहे, हेही त्याच्या या जबाबात लिहिलेलं असतं. ‘टेंटेड’ या शब्दापुढे अक्षरं येतात. ‘पी’ म्हणजे सोर्स न दाखवणारं, मालकी हक्काचं मॉड्यूल आत आहे. ‘डी’ म्हणजे याआधीही एक ऊप्स होऊन गेलेलं आहे, तेव्हा आधी तो शोधा.

साखळी शोधायची कशी, यावरूनही बरंच रामायण झालं. प्रत्येक फंक्शनने मागच्याचा दोर हातात धरून ठेवायचा, ही जुनी पद्धत; तिने काही चाचण्यांत कर्नल ५ ते १० टक्के मंदावला. दुसरा मार्ग होता कंपायलरने लिहून ठेवलेल्या ‘ड्वार्फ’ नोंदींचा. त्या वाचणारा कोड कर्नलमध्ये घालूनही पाहिला, पण संकटात तो स्वतःच कोसळायचा, म्हणून काढून टाकला. २०१७मध्ये जॉश पॉइम्बोफ यांनी सुटसुटीत तक्त्यांची नवी पद्धत आणली. प्रोग्रामांच्या ‘एल्फ’ फायली आणि ‘ड्वार्फ’ नोंदी आधीच होत्या, म्हणून हिचं नाव ठेवलं ‘ऑर्क’: परीकथांतला ड्वार्फांचा जन्मजात वैरी. किंमत? साधारण २ ते ४ एमबी मेमरी.

आणि चळत तरी केवढी! ६४ बिटी इंटेल-एएमडी यंत्रांवर कर्नलमधल्या प्रत्येक कामाला २०१४ पासून १६ केबी मिळतात. त्याआधी ८च मिळत. साध्या प्रोग्रामला लिनक्समध्ये सहसा ८ एमबीपर्यंत मुभा असते, म्हणजे ५१२ पट. चळतीच्या टोकाला एक खुणेचा आकडा ठेवलेला असतो. त्यातल्या ५ ला इंग्रजी ‘एस’, ७ ला ‘टी’ मानून पुढे वाचत गेलं, की ‘स्टॅक एंड’ असं जुळतं. ही खूण पुसलेली दिसली, की बहुधा चळत ओसंडलेली असते.

पॅनिकच्या ओळीत ‘नॉट सिंकिंग’ असे शब्द येतात आणि लोक त्यालाच बिघाड समजतात. ती खरं तर खबरदारी आहे. आपलंच डोकं ठिकाणावर नाही, तेव्हा डिस्कवर काही लिहायला जाऊ नये, कारण लोकांच्या फायली बिघडतील. मग जबाब पोचवायचा कसा? नेटकन्सोल तो नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्राकडे धाडतं. केडम्प त्याहून धाडसी: आधीच राखून ठेवलेल्या मेमरीत दुसरा कर्नल सुरू होतो आणि पहिल्याची मेमरी जपून ठेवतो. काहीच जमलं नाही, तर कीबोर्डचे दिवे लुकलुकतात.

घरच्या संगणकावर इतकी वर्षं स्क्रीनचा फोटो काढायचा आणि एकेक ओळ डोळे ताणून टाइप करायची, हाच उपाय होता. २०२४च्या ६.१२ आवृत्तीपासून कर्नलला पडद्यावर क्यूआर कोड काढता येतो, आणि तो काढणारा कोड रस्ट भाषेत लिहिलेला आहे. यंत्र गोठलेलं असतं, पण फोन समोर धरला की जबाब खिशात!