घरीं शिवलेला पोहण्याचा पोशाख

चोळी, परकर, लहानग्यांचीं झबलीं, फार तर एखादा सदरा, एवढें शिवणकाम आमच्या घरांत तीन पिढ्या चालत आलें आहे. कापड बेततांना अंगापेक्षां चार बोटें अधिक धरावें, शिवणींत माया ठेवावी, उद्यां अंग सुटलें तर उसवून सैल करतां यावें, हा त्या शिवणकामाचा पहिला धडा. गेल्या उन्हाळ्यांत आम्हीं दोघी जावांनीं पोहण्याचा पोशाख शिवावयास घेतला, तेव्हां नेमका तोच धडा विसरण्याची पाळी आली.

निमित्त झालें सासूबाईंच्या गुडघ्यांचें. त्यांचें वय ७१. जिना चढणें म्हणजे रोजचें संकट होऊन बसलें होतें. डॉक्टरांनीं पाण्यांत चालण्याचा व्यायाम सुचविला. छातीइतक्या पाण्यांत माणूस उभें राहिलें कीं शरीराचा बराचसा भार पाणीच तोलून धरतें आणि सांध्यांना फारसा त्रास न होतां स्नायूंना काम मिळतें. सासूबाई हें ऐकून खुलल्या. त्यांचें माहेर कोंकणांतलें. वाळका भोपळा पाठीला बांधून परसांतल्या विहिरींत त्या आठव्या वर्षीं पोहावयास शिकल्या होत्या. सासरीं आल्यापासून मात्र न्हाणीघरापलीकडचें पाणी त्यांच्या अंगाला लागलें नव्हतें.

जवळच्या तरणतलावावर पहिल्याच दिवशीं त्यांना दारांतून परत यावें लागलें. सुती सलवार-कमीज चालणार नाहीं, असें तेथें सांगण्यांत आलें. नियम निराधार नव्हता. सुती कापडाचे तंतू सुटून गाळणीच्या यंत्रांत जातात, शिवाय भिजलेलें सैल कापड हातापायांना अडकतें. पण ज्या स्वरांत तो सांगितला गेला, तो स्वर आम्हांला अजून खुपतो. मग दुकानें पालथीं घातलीं. अंगाला बसणारे पोशाख सासूबाईंना तोकडे वाटत. पुरेसे लांब असत ते छातीला बसले तर कमरेशीं लोंबत. घरीं येऊन त्या म्हणाल्या, "राहूं द्या गं. या वयांत हीं थेरं कशाला?" पुढें दोन दिवस त्यांनीं तो विषयच काढला नाहीं. त्या रागावल्या असत्या तर आम्हांला इतकें लागलें नसतें.

पोहणाऱ्या स्त्रियांना कापडाची अडचण नवी नाहीं. १९१२ सालीं स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्यें स्त्रियांच्या पोहण्याच्या शर्यती प्रथम झाल्या. त्या काळांत लोकरीचे विणलेले पोशाख सर्रास वापरांत होते, आणि भिजले कीं ते जड होऊन ओघळत. १९५२ सालीं हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्यें आपल्या देशातर्फे डॉली नाझीर व आरती साहा पोहल्या (आरती तेव्हां बारा वर्षांचीही नव्हती), त्या वेळींही आज वापरतात तें ताणणारें कापड जन्मास यावयाचें होतें. आपण ज्याला लायक्रा म्हणतों तो तंतू अमेरिकेंतील ड्युपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेंत १९५८ सालीं तयार झाला.

आम्हीं आणलेल्या कापडांत ८० टक्के नायलॉन व २० टक्के लायक्रा होता. रंग गडद निळा. फिका रंग भिजल्यावर अंग दाखवितो, म्हणून तो टाळावा. छातीपुढें अस्तर तर कोणत्याही रंगाला हवेंच. विकत घेण्यापूर्वीं दहा सेंटिमीटर कापड चिमटींत धरून ओढावें. तें पंधरापर्यंत जावें आणि सोडतांच पूर्ववत् व्हावें. उभ्या व आडव्या, दोन्ही अंगांनीं.

मापांत एक माप असें लागतें कीं जें चोळीला कधींच लागत नाहीं. खांद्यावरून पुढून खालीं, दोन्ही पायांमधून, पाठीवरून पुन्हां त्याच खांद्यापर्यंत. तें आंखूड पडलें तर बाकी सर्व बरोबर असूनही खांदे कांचतात. हें माप घेतांना सासूबाईंनीं आम्हांला खोलीबाहेर घालवून दार लावून घेतलें, आणि टेप स्वतः धरून आंकडा आंतून ओरडून सांगितला.

बाह्या कोपरापर्यंत, पाय गुडघ्यापर्यंत आणि वरून झालर, असा बेत ठरला. बेततांना हात सवयीनें चालला आणि चार बोटें अधिक पडलीं. कोरडा पोशाख दिसावयास झकास! न्हाणीघरांत दोन बादल्या पाणी ओतल्याबरोबर तो पखालीसारखा फुगला. असा पोशाख अंगापेक्षां लहानच हवा. तो ताणला जाऊनच अंगाला बसतो. छाती १०० सेंटिमीटर असेल तर कापड ९० च धरावें. मोठा बेतलेला कपडा लहान करतां येतो, एवढाच काय तो आमच्या मायेचा उपयोग झाला.

बाजू आंत घेतल्या, त्याही घरच्या जुन्या हातयंत्रावर, सुती दोऱ्यानें आणि सरळ टिपेनें. सासूबाईंनीं घालून वांकून पाहिलें मात्र, कट्‌कट् आवाज करीत पाठीवरची शिवण सुटली. कापड ताणलें, दोरा ताणला नाहीं. धाकट्या जाऊबाईंना हंसूं आवरेना. सासूबाईंना मात्र हंसूं आलें नाहीं. त्या रात्रीं सगळें उसवून आम्ही शेजारच्या काकूंकडे गेलों. त्यांचें विजेचें यंत्र नागमोडी टांका घालतें. हा टांका कापडाबरोबर ताणला जातो. दोरा पॉलिएस्टरचा घेतला. सुई गोल टोंकाची हवी. साधी टोंकदार सुई तंतूच तोडते आणि मधले टांके गाळते. गळ्याला व पायांना रबराचें इलॅस्टिक लावलें. परकराचें साधें इलॅस्टिक तलावाच्या क्लोरीनमध्यें फार दिवस टिकत नाहीं.

या खेपेस दाराशीं कोणी हटकलें नाहीं. कठडा धरून सासूबाई एकेक पायरी उतरल्या. पाणी कमरेला लागलें आणि तिची ती झालर, जिच्यावर आमची एक अख्खी दुपार गेली होती, कमळाच्या पानासारखी वर तरंगूं लागली! दाबली कीं पुन्हां वर. सासूबाई दहा मिनिटें तिच्याशीं झगडल्या. घरीं आल्यावर कातरी मागून घेऊन त्यांनीं स्वतःच ती काढून टाकली. "पाण्यांत कोण बघतंय?" एवढेंच म्हणाल्या.

पोशाख तलावांत उतरण्यापूर्वीं साध्या पाण्यानें भिजवावा, म्हणजे क्लोरीनचें पाणी तो कमी पितो. घरीं आल्यावर लगेच खळबळून, न पिळतां सावलींत वाळत घालावा. हें काम सासूबाई दुसऱ्या कोणाकडे देत नाहींत.

गुडघे पूर्ण बरे झाले नाहींत. जिन्यावर अजून हात धरावा लागतो. पण बाराव्या दिवशीं चालतां चालतां त्यांनीं कठडा सोडला, पाय मागें फेंकले, आणि विहिरींत मारीत तसे हात मारीत समोरची भिंत गांठली. तेथून वळून त्यांनीं आम्हांला विचारलें, "तुम्ही दोघी कांठावर बसून काय करतां?"

आम्हां दोघींनाही पोहतां येत नाहीं. कापड पुन्हां चार मीटर आणलें आहे.