ऑगस्टमधला एक गुण

इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातलं ब्लॅकबर्न हे कापडगिरण्यांचं गाव. 1861 साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानी कापसावर तुटून पडल्या. त्यात खान्देशचा कापूसही होता. पुढे आपल्याकडेही जळगावात खान्देश मिल, अमळनेरात प्रताप मिल, धुळ्यात न्यू प्रताप मिल उभी राहिली. ब्लॅकबर्नच्या गिरण्या कधीच इतिहासजमा झाल्या, पण 1875 साली स्थापन झालेला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल क्लब आजही खेळतो आहे. नोव्हेंबर 2010 मध्ये तो विकत घेतला पुण्याच्या वेंकीजनं. डॉ. बी. व्ही. राव यांनी 1971 मध्ये सुरू केलेल्या वेंकटेश्वरा हॅचरीजचा हा उद्योगसमूह. अंड्याचा रोजचा भाव जाहीर करणारी एनईसीसी उभी करण्यातही रावांचाच पुढाकार होता. 1998 पर्यंत धुळे जिल्ह्यात असलेल्या नवापूरच्या पोल्ट्रीवाल्यांना ही नावं वेगळी सांगायला नकोत.

मराठी मुलखातल्या मालकांचा हा क्लब हंगामाच्या पहिल्या आठवड्यांत काय करून बसला आणि त्याची किंमत त्यानं कधी मोजली, हे पाहण्यासारखं आहे. साखळी स्पर्धा कळायला याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

6 ऑगस्ट 2016. चॅम्पियनशिप म्हणजे इंग्लिश फुटबॉलची दुसरी श्रेणी. तिथं 24 संघ आणि प्रत्येकाला 46 सामने. विजयाला 3 गुण, बरोबरीला 1. हंगामाअखेर तळाचे तिघे खालच्या श्रेणीत जातात. ब्लॅकबर्नचा पहिलाच सामना घरच्या ईवूड पार्क मैदानावर नॉरिच सिटीशी होता आणि त्यात ते 1-4 असे हरले. अशा पराभवानंतर जे म्हटलं जातं ते ठरलेलं असतं : अजून 45 सामने बाकी आहेत, हंगाम आत्ता कुठे सुरू झालाय.

हंगाम संपला 7 मे 2017 रोजी. त्या दिवशी ब्लॅकबर्ननं ब्रेंटफर्डला त्यांच्याच मैदानावर 3-1 हरवलं. तिकडे नॉटिंगहॅम फॉरेस्टनं इप्सविचवर 3-0 अशी मात केली. दोघांचेही गुण झाले 51. गुण सारखे असले की गोलफरक पाहतात, म्हणजे केलेले गोल वजा खाल्लेले गोल. फॉरेस्टचा उणे 10, ब्लॅकबर्नचा उणे 12. फॉरेस्ट 21 वं आलं आणि वाचलं. ब्लॅकबर्न 22 वं आलं आणि तिसऱ्या श्रेणीत गेलं. ऑगस्टमधल्या त्या दुपारी नुसती बरोबरी साधली असती, तरी एका जादा गुणानं ते तरले असते. तो एक गुण अर्थात इतर कुठल्याही सामन्यात मिळवता आला असता. पण मे महिन्यातल्या शेवटच्या दुपारी सगळ्यांच्या छातीत धडधडतं, तसं ऑगस्टमध्ये कुणाच्याच धडधडत नाही. गुणतक्त्याच्या लेखी मात्र दोन्ही दुपारी सारख्याच.

याच क्लबचा 2011 चा हंगाम उलट बाजूनं शिकवणारा आहे. तेव्हा ते प्रीमियर लीगमध्ये होते. वरच्या या श्रेणीत 20 संघ आणि 38 सामने. 13 ऑगस्टला पहिल्या सामन्यात वुल्व्हरहॅम्प्टननं त्यांना ईवूड पार्कवर 2-1 हरवलं. वुल्व्हरहॅम्प्टननं पुढच्या सामन्यात फुलहॅमलाही लोळवलं. दोन सामन्यांत दोन विजय, चाहते खूश. ब्लॅकबर्न मात्र अ‍ॅस्टन व्हिला आणि एव्हर्टनकडूनही हरले. एव्हर्टनविरुद्ध तर मिळालेल्या दोन पेनल्टी त्यांनी वाया घालवल्या. प्रशिक्षक स्टीव्ह कीन यांच्याविरुद्ध चाहते रस्त्यावर उतरले होते. आणि त्याच गदारोळात 17 सप्टेंबरला समोर आलं आर्सेनल.

तो सामना अजूनही पाहावा असा आहे. आर्सेनल दोनदा पुढे गेलं. नवा आलेला नायजेरियन आघाडीवीर याकुबूनं दोन गोल केले. अ‍ॅलेक्स साँग आणि लॉराँ कोसिएल्नी या आर्सेनलच्या दोघांनी स्वतःच्याच जाळ्यात चेंडू धाडला. शेवटी ब्लॅकबर्न 4-3 नं जिंकलं. लढाऊ संघ आहे, आता गाडी रुळावर आली, असं कुणालाही वाटावं असा तो विजय होता.

7 मे 2012 ला त्याच मैदानावर विगननं त्यांना 1-0 हरवलं आणि ब्लॅकबर्न प्रीमियर लीगबाहेर गेलं. त्या सामन्यात क्लबचा झेंडा पाठीवर बांधलेली एक कोंबडी कुणीतरी मैदानात सोडली होती. मालकांवरचा राग होता तो. 1995 मध्ये प्रीमियर लीगचं विजेतेपद मिळवलेल्या गावाचा राग. कोंबडीला मैदानाबाहेर न्यावं लागलं आणि सामना पुढे सुरू झाला. हंगामाअखेर ब्लॅकबर्न 31 गुणांसह 19 वं. आणि ऑगस्टमध्ये लागोपाठ दोन विजय मिळवणारं वुल्व्हरहॅम्प्टन 25 गुणांसह तळाला, विसावं. पहिल्या दिवशी एकमेकांशी खेळलेले दोन्ही संघ एकाच वर्षी खाली गेले.

म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांतला गुणतक्ता कोण किती चांगला आहे हे सांगत नाही. कुणी किती गाठीला बांधलं, एवढंच तो सांगतो. तीन-चार सामन्यांत नशीब, दुखापती आणि समोर कोण आलं याचाच हात मोठा असतो. अडतीस सामन्यांत हे सगळं बऱ्यापैकी निवळतं. साखळीचं मोठेपण मला तिथंच दिसतं. ती चूक माफ करत नाही, पण दुरुस्तीला जागा देते. 2017 मध्ये घसरलेलं ब्लॅकबर्न 2018 मध्ये लगेच वर चढलं, तेही तिसऱ्या श्रेणीत वर्षभर सामने खेळूनच.

जळगाव-धुळ्यात हे सगळं आपण घरबसल्या पाहतो. ऑगस्ट-सप्टेंबरात इंग्लंडमधला शनिवारी दुपारी तीनचा सामना आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला सुरू होतो. ऑक्टोबरच्या शेवटी तिकडची घड्याळं मागे गेली की साडेआठला. गंमत अशी, की शनिवारी त्या वेळेतले सामने खुद्द इंग्लंडमध्ये टीव्हीवर थेट दाखवायला बंदी आहे. माणसं घरी बसली तर छोट्या क्लबांची मैदानं ओस पडतील, म्हणून 1960 च्या दशकात ही प्रथा पडली. त्यासाठी आग्रह धरणारे बॉब लॉर्ड हे ब्लॅकबर्नच्या शेजारच्या बर्नली क्लबचे अध्यक्ष. गावच्या मैदानाची एवढी काळजी तिकडे घेतली जाते, याचा मला हेवा वाटतो.

कारण आपल्याकडची मुलं त्याच पावसाळ्यात काय खेळतात? शालेय स्पर्धा. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि बहुतेक सगळी बाद पद्धत. खान्देशच्या काळ्या मातीत पाऊस पडून गेला की बूट मातीनं जड होतात, चेंडू डबक्यात अडून राहतो, बचावपटू घसरतो आणि गोल होतो. एवढ्यावर त्या संघाचं वर्ष संपतं. वर्गशिक्षकांची परवानगी, टेम्पोचं भाडं, आईनं बांधून दिलेला डबा, हे सगळं तासाभराच्या खेळासाठी. पुढच्या शनिवारी ती चूक सुधारून दाखवायची सोय नाही. सप्टेंबर 2017 मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या निमित्तानं राज्यभर शाळाशाळांत एकाच दिवशी फुटबॉल खेळवला गेला. चांगली गोष्ट होती. पण दिवस एकच होता.

कोल्हापुरात असं होत नाही. तिथं तालमींचे आणि पेठांचे संघ कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, म्हणजे केएसएच्या, श्रेणीवार साखळीत खेळतात. शाहू स्टेडियमवर हंगामभर गर्दी असते. पहिला सामना हरलेली पोरं पुढच्या आठवड्यात पुन्हा उतरतात. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या त्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तो अशा फुटबॉलवेड्या गावातून आलेला.

खान्देशात याची सुरुवात करायला वेंकीजएवढा पैसा लागत नाही. आठ शाळा घेतल्या तर बाद पद्धतीत सात सामने होतात आणि चार शाळा पहिल्याच दिवशी घरी जातात. त्याच आठ शाळांची एकेरी साखळी लावली तर 28 सामने होतात आणि प्रत्येक मुलाला सात. दोन मैदानांवर सकाळी दोन-दोन सामने घेतले तर सात शनिवारांत सगळं आटोपतं. ऑगस्टमध्ये सुरू केलं तर परीक्षांच्या आधी उरकतं. पावसानं एखादा शनिवार धुतला, तर आठवा राखून ठेवायचा.