प्रतोद

प्रतोद : जनावराला टोचून पुढे हाकण्याची काठी किंवा चाबूक, हा या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ. आधुनिक मराठीत तो प्रामुख्याने विधिमंडळातील किंवा संसदेतील पक्षाच्या एका पदाधिकाऱ्यास उद्देशून योजला जातो. सदस्यांना सभागृहात हजर ठेवणे आणि मतदानासंबंधी पक्षाचा आदेश त्यांना कळविणे, हे त्याचे काम होय.

व्युत्पत्ती : ‘तुद्’ (टोचणे, व्यथा देणे) या धातूस ‘प्र’ (पुढे) हा उपसर्ग लागून हा शब्द सिद्ध होतो. पाणिनीय धातुपाठातील सहाव्या गणास याच धातूवरून ‘तुदादि’ हे नाव मिळाले आहे. लॅटिनमधील ‘टुंडेरे’ (ठोकणे) व जर्मनमधील ‘श्टोसेन’ (ढकलणे) ही क्रियापदे त्याची सजातीय मानली जातात. याच धातूपासून झालेला ‘तोद’ हा शब्द आयुर्वेदात टोचल्यासारख्या वेदनेसाठी येतो. ‘अरुंतुद’ म्हणजे जखमेवर टोचणारा. त्यावरून मर्मी लागणाऱ्या भाषणासही हे विशेषण लावतात. चंद्राला पीडा देणारा म्हणून राहूला ‘विधुंतुद’ असे नाव आहे. शरीराला टोचणे आणि मनाला डिवचणे हे दोन्ही अर्थ या शब्दकुळात फार पूर्वीपासून एकत्र नांदत आले आहेत.

प्राचीन उल्लेख : अथर्ववेदाच्या पंधराव्या कांडात व्रात्याच्या रथाचे रूपकात्मक वर्णन असून त्यात वारा हा सारथी व वावटळ हा प्रतोद कल्पिला आहे. पंचविंश ब्राह्मणात व्रात्यांच्या विशेष वस्तूंत उष्णीषासह प्रतोदाची गणना केली आहे. महाभारताच्या भीष्मपर्वात युद्धाच्या नवव्या दिवशी कृष्ण हातात प्रतोद घेऊनच रथातून उतरतो आणि भीष्मांवर धावून जातो. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात उच्च वर्णाच्या वराशी विवाह करताना क्षत्रिय वधूने बाण व वैश्य वधूने प्रतोद धरावा, असे सांगितले आहे. यावरून प्रतोद हे पशुपालन व कृषी करणाऱ्या वर्गाचे चिन्ह समजले जात असे, हे दिसते. बैल हाकण्याच्या साधनासाठी अमरकोशात ‘प्राजन’, ‘तोदन’ व ‘तोत्र’ हे पर्याय दिले आहेत.

मराठीतील स्थान : शेतकऱ्यांच्या बोलीत मात्र प्रतोद हा शब्द रूढ नाही. बैल हाकण्याच्या काठीस तेथे ‘पराणी’ व तिच्या टोकाच्या लोखंडी खिळ्यास ‘आर’ म्हणतात. मारण्याच्या साधनासाठी ‘आसूड’ आणि फारसीतून आलेला ‘चाबूक’ हे शब्द आहेत. नित्य व्यवहारात नसल्यामुळे प्रतोद हा शब्द नव्या अर्थासाठी मोकळा राहिला. त्यातील टोचणीची जाणीव आज सामान्य वाचकास क्वचितच होते.

संसदीय अर्थ : ज्या इंग्रजी ‘व्हिप’ या संज्ञेसाठी तो योजला गेला, तिचे मूळ शिकारीत आहे. शिकारी कुत्र्यांना चाबकाच्या धाकाने कळपातून भरकटू न देणाऱ्या माणसाच्या नावावरून ब्रिटिश संसदेत अठराव्या शतकात ही संज्ञा रूढ झाली. हिंदीत तिला ‘सचेतक’ (सावध करणारा) व गुजरातीत ‘दंडक’ म्हणतात. मराठी शब्द या दोहोंपेक्षा मूळ इंग्रजी कल्पनेला अधिक जवळचा आहे. ‘व्हिप’ ही संज्ञा इंग्रजीत लेखी आदेशासही लागू पडते. मराठीत त्यास ‘पक्षादेश’ म्हणतात. एक ओळीच्या आदेशाने मतदान होणार असल्याची सूचना मिळते, दोन ओळींच्या आदेशाने हजर राहण्यास सांगितले जाते आणि तीन ओळींच्या आदेशाने हजर राहून पक्षाच्या धोरणानुसार मत देणे आवश्यक ठरते.

कायदेशीर परिणाम : १९८५ मधील बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची अंतर्भूत होईपर्यंत पक्षादेश मोडणे हा मुख्यत्वे पक्षशिस्तीचा प्रश्न होता. या अनुसूचीनुसार पूर्वपरवानगीशिवाय आदेशाविरुद्ध मत देणाऱ्या किंवा मतदानास अनुपस्थित राहणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व जाऊ शकते. पक्षाने पंधरा दिवसांत ते कृत्य क्षमापित केल्यास मात्र अपात्रता येत नाही. अनुसूचीत प्रतोद या पदाचा नामनिर्देश नाही; ‘पक्षाने किंवा त्याने प्राधिकृत केलेल्या व्यक्तीने दिलेला निदेश’ अशा आशयाची तरतूद आहे. सदस्याच्या भाषणस्वातंत्र्यावर याने गदा येते, हा आक्षेप सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये किहोटो होलोहान खटल्यात फेटाळला. मात्र अपात्रतेचा परिणाम करणारा आदेश सरकारवरील विश्वासाशी किंवा पक्षाने ज्यावर मते मागितली त्या मूलभूत धोरणाशी संबंधित मतदानापुरता मर्यादित असावा, असे न्यायालयाने म्हटले.

प्रतोद नेमण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न २०२२ मध्ये महाराष्ट्रात शिवसेनेतील फुटीनंतर उपस्थित झाला. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने असा निर्णय दिला की, प्रतोदाची नेमणूक राजकीय पक्षाने करावयाची असते, विधिमंडळ पक्षाने नव्हे. त्यामुळे ज्या सदस्यांना आदेश पाळावयाचा, त्यांनीच बहुमताने आपला प्रतोद निवडावा, हा युक्तिवाद अमान्य झाला.