बुलढाण्याची शीळ

मराठी भावगीताची पहिली गाजलेली रेकॉर्ड कुणाची? पुणेकर की मुंबईकर, असा वाद घालू नका. पिंपळगाव राजाच्या मंडळींनी खुशाल छाती पुढे काढून सांगावं : आपल्याच खामगावात जन्मलेल्या जी. एन. जोशींची!

गाणं 'शीळ'. कवी ना. घ. देशपांडे, मेहकरचे. म्हणजे शब्द बुलढाण्याचे नि गळाही बुलढाण्याचा! दोघांचं जन्मसाल १९०९, आणि दोघंही वकिलीच शिकलेले. नाट्यपदांची चलती होती त्या काळात, १९३० नंतर लगेचच, हे गाणं आलं. ना देव, ना दरबार. रानात घुमणारी शीळ आणि तिनं कासावीस झालेली एक खेड्यातली पोर. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम साडेतीन मिनिटं मावायची. तेवढ्यात एक भावना पुरी करायची, ही भावगीताची खरी करामत. माझ्या मते आपल्या 'कंट्री', म्हणजे गावाकडच्या गाण्याची सुरुवात इथेच झाली.

तिकडे अमेरिकेत कंट्री संगीताचा जनक मानला जातो जिमी रॉजर्स. रेल्वेत राबलेला हा गडी १९२७ मध्ये ब्रिस्टल गावात व्हिक्टर कंपनीसाठी पहिल्यांदा गायला. गंमत बघा, व्हिक्टरच्या तबकडीवर भोंग्यापुढे बसलेला कुत्रा तोच, जो आपल्या एचएमव्ही कंपनीचा! रॉजर्स अवघ्या पस्तिशीत, १९३३ साली क्षयानं गेला.

जोशींना मात्र मोठी खेळी लाभली. १९३८ साली ते एचएमव्हीत नोकरीला लागले आणि बड्या बड्या गवयांना त्यांनी माइकपुढे बसवलं. १९६७ चा 'कॉल ऑफ द व्हॅली' हा अल्बम आठवतो? निर्माते हेच! काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेच्या अहिर भैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार. काबरा गिटार आडवी ठेवून तारांवरून पट्टी सरकवत वाजवायचे. ही तऱ्हा हवाई बेटांची. अमेरिकेतल्या कंट्री गाण्यांत स्टील गिटार रडते ती याच तऱ्हेनं. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनलाही हा अल्बम आवडायचा.

जोशींच्या आठवणींचं पुस्तक आहे 'स्वरगंगेच्या तीरी'. वाचनालयात दिसलं तर आधी आपल्या नावावर घ्या, चहा नंतर.